हुंगेनाना आणि बुडवलेलं जहाज

आमचे नाना कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवण्याआधी तिचा वास घ्यायचे. दूध, औषधाची बाटली, नवं धोतर, पाहुण्याने आणलेली मिठाई, सगळं आधी नाकाशी जायचं. एकदा तर त्यांनी लग्नाची पत्रिका हुंगली आणि "हाई लगीन टिकाव नई" म्हणाले. ते लग्न छान टिकलं, आता दोन पोरं आहेत. पण चोपड्याच्या आसपासच्या गावांत त्यांचं नाव हुंगेनाना पडलं ते पडलंच.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. धंदा विहिरीत उतरण्याचा. केळीच्या बागांतल्या विहिरींत मोटार अडकली, पाइप निसटला, की नानांना बोलावणं यायचं. पण नाना लगेच उतरतील तर शपथ! आधी काठावर उकिडवं बसून वास. मग दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. तो विझला नाही तरी संशय असायचाच. मालक म्हणायचा, "नाना, कालच माझा गडी उतरला होता." नाना म्हणायचे, "मंग आज बी त्यालेच उतार." स्वतःच्या कमरेच्या दोरीची गाठ त्यांनी उभ्या जन्मात दुसऱ्याला मारू दिली नाही.

माझे वडीलही हेच काम करायचे आणि ते विहिरीतच गेले. मी सहा वर्षांची होते. त्यानंतर आईने घरात एकच कायदा केला, या घरातलं पोर पाण्याच्या कामाला जाणार नाही. पोहायला शिकवण्यापुरती सूट नानांनी भांडून मिळवली आणि विहिरीत मला श्वास धरायला शिकवलं. आता अशा घरातल्या मुलीने काय करावं? मी तळकोकणात समुद्रात बुड्या मारायची नोकरी धरली. आईला सांगितलं, पर्यटनाच्या ऑफिसात बुकिंग घेते. सरळ थाप मारली. खरं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी पेटी उचलून मी चोपड्याच्या बसमध्ये असते.

आमच्याकडे एक जुनं मालवाहू जहाज मुद्दाम बुडवलेलं आहे. तेल काढून, धुऊन-पुसून, दारं मोकळी करून तळाशी बसवलंय, म्हणजे त्यावर प्रवाळ धरतं, मासे घर करतात. पर्यटकांच्या पाठीवर हवेचं नळकांडं बांधून त्यांना ते दाखवून आणायचं, हे माझं काम.

एका सकाळी जेट्टीवर बघते तर नाना! हातात पिशवी, डोक्यावर टोपी, धुळ्याला बस बदलून न सांगता आलेले. म्हणाले, "हापिसमा बसनारी पोरना कान कसाले दुखतस?" फोनवर कधीतरी मी आईला कान दुखतोय म्हणाले होते; खोल बुडी मारली की कान दुखतात हे नानांना पक्कं ठाऊक, तेवढ्यावरून हा माणूस अख्खा महाराष्ट्र ओलांडून आला होता.

मी सगळं कबूल केलं. जहाजाचं ऐकून त्यांचे डोळे बारीक झाले. "चांगलं जहाज कोन बुडावस? आत काहीतरी दडायेल व्हई." मी म्हटलं, मासे दडलेत नाना. मासे त्यांना पटले नाहीत. ते उठले आणि होडीत मांडलेल्या नळकांड्यांकडे गेले. एकेकाची चावी जराशी फिरवून त्यांनी हवा हुंगली. चौथ्याला थांबले, पुन्हा हुंगलं, आणि खाली ठाण मांडून बसले. "ही होडी जावाव नई. इंजिनना धूर शे यामा."

होडीत चार पर्यटक तयार होऊन बसलेले. आमचा मालक हसला, "काका, ही हवा आहे, अत्तर नाही." मीही वास घेतला, मला काही आला नाही. मग माझा तोल गेला. सगळ्यांसमोर ओरडले, "नाना, पुरे करा! तुमच्या या नाकापायी माझी नोकरी जाईल. काही वास येत नाहीये!"

नाना चिडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "तुना बाप बी असंच म्हना व्हता. विहिरमा डिझेलनं इंजिन चालू व्हतं. माले वास उना, त्याले नई उना. मी त्यानं ऐकं."

एवढंच. हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. आईलाही माहीत होतं की नाही, देव जाणे. मी होडीतून उतरले आणि हवा भरायच्या शेडमागे गेले. पहाटे वीज गेली म्हणून जनरेटर लावला होता. त्याचं धुराडं आणि हवा ओढणारा आमचा पाइप यांच्यात हातभरही अंतर नव्हतं. तो धूर आम्ही भरला होता, आणि मी तो चार माणसांच्या आणि माझ्या तोंडाला लावणार होते. मालकाने मुकाट्याने सगळी नळकांडी रिकामी केली आणि पाइप छपरावर नेला. माफी नाही मागितली मेल्याने, पण नानांना चहा स्वतः आणून दिला. नानांनी तो हुंगून प्यायला.

मग नाना हटून बसले, जहाज बघितल्याशिवाय जाणार नाही. डॉक्टरची तपासणी झाली, कमरेएवढ्या पाण्यात सराव झाला, आणि तिथेच गाडं अडलं. नाना पाण्यात श्वासच घेईनात! जन्मभर पाण्यात श्वास धरलेला माणूस, आणि इथे तर धरायचाच नाही, सारखा घ्यायचा-सोडायचा. मी त्यांच्या छातीवर बोटांनी ताल धरला. आत, बाहेर. अर्ध्या तासाने एकदाचे बुडबुडे आले.

खाली जहाजाच्या खिडक्यांतून पिवळ्या माशांचा थवा आत-बाहेर करत होता. नानांनी लोखंडावर बोटाच्या पेराने ठकठक केली, एका दारात डोकावले, आत मात्र गेले नाहीत. नंतर सगळा वेळ त्यांनी जहाज बघितलंच नाही. माझा हात धरून माझ्या नळकांड्यातल्या हवेचा काटा बघत राहिले.

वर आल्यावर नानांनी माझ्याच फोनवरून आईला फोन लावला. मी ओल्या कपड्यांत शेजारी उभी. आता संपलं, असं मनात म्हणत होते. नाना म्हणाले, "पोर हापिसमा खुर्चीवर बठेल शे. डोकावर पंखा शे. बठ्ठं चांगलं शे." सगळं चांगलं आहे, एवढं सांगून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि टोपी शोधायला लागले.

गेल्या वर्षी नाना गेले. तेराव्यानंतर आई आणि मी त्यांचे कपडे घड्या करून ठेवत होतो. आई सहज म्हणाली, "तू पानीमा उतरस, माले माहीत शे."

माझ्या हातातली घडी मोडली. कोणी सांगितलं?

"नानांनी. बठ्ठं चांगलं शे म्हने! त्या मानूसनी देवळातल्या प्रसादले बी कधी चांगलं म्हनं नई. तवाच समजनू, खोटं बोली ऱ्हायनात."

"मग मला बोलावून का नाही घेतलंस?"

"नानांनी देखेल व्हतं ना," आई म्हणाली. "मंग आनखी काय ईचारानं?"