काकूंची सुरी पाटावर बसली त्याची गोष्ट

थांबा, चहा नंतर घ्या, हे आधी ऐका, नाहीतर माझ्या पोटात दुखेल. आमच्या पूर्वीच्या शेजारच्या काकूंइतकी हट्टी बाई अख्ख्या पिंपरी-चिंचवडात नाही, आणि असलीच तर ती काकूंकडेच शिकून गेली असणार. रॉकेलच्या रांगेत कुणी मध्ये घुसला तर काकू भांडायच्या नाहीत, नुसत्या त्याच्या पुढे जाऊन उभ्या राहायच्या. छत्रीची काडी मोडो, चाळणीला भोक पडो, त्यांच्या घरातून वस्तू म्हणून बाहेर जायची नाही. काका कंपनीत टूलरूमला, सगळं कसं चकचकीत लागणारे. त्यांना या ठिगळांची लाज वाटायची.

तर एका वर्षी लाल भोपळा फोडताना काकूंच्या सुरीची लाकडी मूठ तडकली. कंपनीतल्या झिजलेल्या करवतीच्या पात्याची सुरी, लग्न झाल्यावर काकांनीच घासून दिलेली. आणि खंडेनवमी तोंडावर. त्या दिवशी आमच्याकडे कंपनीत मशीनला हार आणि घरी हत्यारांची पूजा. काकांच्या पाटावर जाडी मोजायचं मायक्रोमीटर, पाने, पेचकस आणि शेवटी काकूंची सुरी, हे ठरलेलं. या वेळी काका म्हणाले, तडकलेली वस्तू पूजेला नको, नवी आणतो.

"तुमचं मायक्रोमीटर वर्षभर मखमलीत लोळतं," काकू म्हणाल्या. "माझी सुरी दोन्ही वेळ ड्युटीला असते. पाटावर तीच बसणार."

मग काय, दुरुस्ती सुरू. डिंक लावून दोऱ्याने आवळली, तर पहिल्याच टोमॅटोला डिंक सुटला. लाख वितळवून भरली, तर असा वास की वरच्या मजल्यावरचे खाली आले. शेवटी विणकामाची सुई तापवून मुठीला भोकं पाडली, तांब्याची तार ओवली आणि बत्त्याने ठोकून बसवली. काका म्हणाले, तारेचं टोक बाहेर राहिलंय. काकू म्हणाल्या, आज तुमची सुट्टी आहे ना, मग सुट्टी करा.

नवमीला काकांनी सुरी पाटावरून उचलून परत ओट्यावर ठेवली. तार ओवली तरी तडा तो तडाच, म्हणे. झालं. काकूंनी स्वयंपाकघरातच दुसरा पाट मांडला आणि सुरी मधोमध ठेवली. आईने आमची विळी नेली, वरच्या वहिनींनी किसणी, कुणी लाटणं, कुणी शिवणाची कात्री. झेंडू तिकडे, शिरा तिकडे, माणसंही तिकडे. बाहेर काका एकटे, समोर हत्यारं आणि विझत आलेली उदबत्ती.

थोड्या वेळाने काका आपला पाट हत्यारांसकट उचलून दारात उभे.

"इथे जागा आहे का?"

काकूंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "किसणीच्या पलीकडे ठेवा. आणि सुरीला फूल तुम्ही वाहायचं."

काकांनी वाहिलं. हात जोडायच्या आधी मुठीवरून हळूच अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पक्की बसलीय." शिरा वाढता वाढता काकूंचा हात तेवढा एकदा थांबला.

पुढे ते पुनावळ्याला घर बांधून गेले. आई अजून विळी पाटावर ठेवते, बाबा काही म्हणत नाहीत. कुणी नाही म्हणत नाही, म्हणून की काय, पूजा लवकर उरकते आणि घर गप्प वाटतं. तुमच्याकडे झालंय का कधी असं, की अख्खी पूजाच उठून स्वयंपाकघरात गेली?