मास्तरांच्या वहीतले गोल

आमचे बँडमास्तर कुठलंही गाणं ऐकताना सुरांकडे नंतर लक्ष द्यायचे. आधी गाणारा श्वास कुठे घेतो ते शोधायचे. ती जागा सापडली की समाधानानं मान हलवायचे. निलंग्यात आलेल्या भल्याभल्या गवयांचं कौतुक त्यांनी एवढ्यावरच उरकलं होतं.

क्लॅरिनेट त्यांचं आणि ट्रंपेट माझ्या वडिलांचं, दादांचं. मास्तर प्रत्येक चाल वहीत सारेगमनं उतरवून ठेवत आणि श्वासाच्या जागी पेन्सिलीनं एक पोकळ गोल काढत. "फुंकणारा माणूस हाय, भाता न्हाई," म्हणायचे. भात्यालाही हवा घ्यावीच लागते, असं मी एकदा आगाऊपणे सुनावलं, तर म्हणाले, "मग तर झालंच की."

दुष्काळात लग्नं थांबली आणि अख्खा बँड खडी फोडायला गेला. पुढं पाऊस परत आला, पण दादांच्या छातीत बसलेली दगडाची धूळ काही गेली नाही. चार सुरांतच त्यांना धाप लागे. लोक म्हणाले, मास्तर, दुसरा माणूस बघा. मास्तरांनी माणूस बदलला नाही, चाली बदलल्या. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा मिरवणुकीसाठी त्यांनी नवी चाल बांधली. तिच्यात पावलापावलाला गोल होते. दादांनी ती शेवटपर्यंत वाजवली, एकदाही न अडखळता. त्यानंतर त्यांनी ट्रंपेट हातात धरलं नाही, आणि वर्षभरात ते गेले.

मला पेटीवर बसवलं ते मास्तरांनीच. पुढे मी मुंबईत चित्रपटांना संगीत देऊ लागले. एकदा ॲनिमेशनपटाचं काम आलं. त्यातला सुपरहिरो आकाशात झेपावतो, आणि दिग्दर्शकाला तिथे जुन्या सिनेमासारखा भरगच्च वाद्यवृंद हवा होता. मला ती मिरवणुकीची चाल आठवली. गावी गेले, तेव्हा मास्तरांनी वही काढून दिली. "तुझ्या हिरोला लागू पडतंय का बघ, माय."

दिग्दर्शक म्हणाला, चाल छान आहे, पण सारखी थांबते. उडणारा माणूस दमलेला वाटतो. मी गोल बुजवून टाकले. संगणकातल्या ट्रंपेटला कुठे श्वास लागतो? नमुना घेऊन मोठ्या तोऱ्यात निलंग्याला गेले.

मास्तरांनी मोबाइल कानाला लावून सगळं ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. मान हलली नाही.

"लई भारी वाजायलंय," ते म्हणाले. "पर ह्यात तुझा बाप न्हाई."

दादांना चारचौघांत उभं राहता यावं म्हणून त्यांनी राखलेल्या जागा मी स्वतःच्या हातानं भरल्या होत्या. त्याची लाज मला आजही वाटते.

परत येऊन सगळे गोल मोकळे केले. दिग्दर्शकाशी भांडले. काम सोडीन म्हणाले, तेव्हा कुठे तो कबूल झाला. संगणक बाजूला ठेवून खरे वादक बोलावले. त्याच आठवड्यात मास्तर गेल्याचा निरोप आला. मातीला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रणाला उभी राहिले.

पहिल्या गोलापाशी सगळ्या फुंकणाऱ्यांनी एकदम श्वास घेतला. ध्वनिमुद्रकानं विचारलं, "मॅडम, हा आवाज काढून टाकू?"

"राहू द्या," मी म्हटलं, आणि मला रडू आवरलं नाही.

सिनेमात हिरो झेप घेतो, त्याच्या आधी तो श्वास ऐकू येतो. मास्तरांनी दादांसाठी राखून ठेवलेला.