जुम्म्याला ठरवायचं, आठवडाभर पाळायचं

गादीच्या दुकानात सकाळी कितीही झाडू मारा, दुपारपर्यंत कापूस पुन्हा भुवयांवर येऊन बसतो. आमच्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगून संपवावा, तर चहा येईपर्यंत दुसरा तयार!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी शिक्षक, शाळा सकाळची, त्यामुळे शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मी सरळ पिंप्राळ्यात गफूरनानांच्या दुकानात. नानांचं घराणं पिंजाऱ्यांचं, म्हणजे कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारं. मूळ गाव धुळ्याकडचं, त्यामुळे उर्दू मशिदीपुरती आणि तोंडात कायम अहिराणी. दुकानात बैठक आमची. नाना, केळीची लोटगाडी लावणारा सलीम, मशिदीचे तरुण मौलाना आणि मी. मला सगळे मास्तर म्हणायचे.

एकदा मौलाना वैतागून म्हणाले, "तुम्ही लोक हदीस ऐकता, माना डोलावता आणि बाहेर चपला शोधताना विसरता. आता असं करू. दर जुम्म्याला पैगंबरसाहेबांची एकच शिकवण घ्यायची. आठवडाभर पाळायची. पुढच्या जुम्म्याला काय झालं ते सांगायचं." झालं! तिथून जे सुरू झालं ते आवरेना.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नानांच्या दुकानाच्या मधोमध गादीच्या पट्टेदार कापडाचा पडदा होता. पडद्यापलीकडे त्यांचा धाकटा भाऊ हमीद. नानांनी त्याला न विचारता कापूस पिंजायचं मशीन आणलं. हमीदचाचा म्हणाला, मशीन कापसाचा जीव घेतं, मी हातानं, धनुष्यासारख्या कमानीनंच पिंजणार. नाना म्हणाले, मग पिंज तिकडे बसून. तेव्हापासून दोघांत अबोला. एकीकडे मशीनचा घरघराट, दुसरीकडे कमानीचा टंकार, आणि मध्ये पडदा. सख्ख्या भावांचं हे चाललेलं बघून आम्हाला फार वाईट वाटायचं.

*

पहिला आठवडा रागाचा. शिकवण अशी की राग आला तर उभा असलेल्यानं बसावं, बसूनही गेला नाही तर आडवं व्हावं. नाना म्हणाले, सोपं आहे.

मंगळवारी मी दुकानात डोकावलो होतो, तेवढ्यात नशिराबादचे एक पाटील नवी गादी परत घेऊन आले. म्हणे गाठी टोचतात, बायको रात्रभर बोलली. ग्राहकानं गादीला नावं ठेवली की नानांचं डोकं फिरायचं. पण त्या दिवशी नाना खाली बसले. पाटील आणखी बोलले. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, राग जात नही, आते काय करू?"

मी म्हटलं, "आता आडवं व्हायचं."

जवळ पसरलेली एकच वस्तू होती, पाटलांची गादी. नाना त्याच गादीवर आडवे झाले. पाटील बघतच राहिले. त्यांनी आणखी चार शब्द सुनावले, उत्तर येईना. वाकून बघतात तर नाना गाढ झोपलेले! पलीकडे हमीदचाचाची कमानही थांबली. भावाची झोप मोडू नये म्हणून थांबली हे मला कळलं.

पाटील थोडा वेळ डोकं खाजवत उभे राहिले. मग मला म्हणाले, "मास्तर, गडी उठला की गादी बांधून ठेवा. संध्याकाळी नेतो. बायकोलाच राग आला असेल, दुसरं काय."

*

दुसरी शिकवण मालाची. पैगंबरसाहेबांनी बाजारात एका धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतला दाणा ओला लागला. त्यांनी विचारलं, हा भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का नाही ठेवलास? आम्ही सगळ्यांनी सलीमकडे बघितलं. सलीमच्या गाडीवर केळीची पिवळीधमक बाजू गिऱ्हाइकाकडे आणि डागाची बाजू भिंतीकडे असायची.

सलीम जिद्दीचा. शनिवारपासून त्यानं सगळ्या फण्या उलट्या मांडल्या आणि ओरडायला लागला, "ही काळी बाजू! आधी काळी बघा, मग पिवळी बघा!" लोक घाबरले. समोर एवढी काळी दाखवतोय तर मागे काय असेल, असं म्हणून बायका पुढच्या गाडीकडे जायला लागल्या. सलीम रडकुंडीला आला.

तेवढ्यात नानांची बायको खैरुनभाभी आली. गाडीवर हात ठेवून म्हणाली, "सलीमभाऊ, केळी राहू द्या. धुळ्याला मोटार वाइंडिंगच्या दुकानात अस्लम नावाचा मुलगा आहे. आमच्या शबानासाठी सांगून आलाय. तुमच्या ओळखीत आहे का? तुम्ही खरं सांगाल."

अस्लम म्हणजे सलीमचा सख्खा भाचा. एरवी त्यानं भाच्याला डोक्यावर घेऊन नाचवलं असतं. पण हदीसचा आठवडा! सलीमनं काळी बाजू आधी सांगितली. "भाभी, घोरतो. फार घोरतो. आणि रागावला की जेवत नाही, आईला दोनदा वाढावं लागतं."

"आणि पिवळी बाजू?"

"कमावतो, खोटं बोलत नाही, आईला उलट बोलत नाही."

खैरुनभाभीनं एक डझन घेतली आणि त्याच संध्याकाळी घरी होकार कळवला. नानांना सांगताना म्हणाली, "एवढीच काळी बाजू असेल तर माझ्यापेक्षा तिचं नशीब चांगलं आहे."

*

लग्न ठरलं आणि खरा पेच तिथेच पडला. आमच्यात निकाहाआधी नवरीची संमती विचारायला घरातला एक वडीलधारा दोन साक्षीदार घेऊन आत जातो. त्याला वकील म्हणतात. शबानानं आईला सांगितलं, माझा वकील हमीदचाचा. ती चाचाच्या खांद्यावर बसून मोठी झालेली. चाचाला स्वतःचं मूल नव्हतं.

नाना म्हणाले, "तो धाकला शे. त्यानी पहिले बोलाले पाहिजे." पडद्यापलीकडे मी हळूच विषय काढला तर हमीदचाचा म्हणाला, "भाऊ बोलावी तर जासू." दोघांनाही पोरीचं मन राखायचं होतं, आणि दोघेही जागचे हलायला तयार नव्हते! शेवटी नानांनी शबानाच्या रावेरच्या मामाला वकील ठरवून टाकलं. शबाना दोन दिवस जेवली नाही.

मौलानांनी नेमकी त्याच जुम्म्याला शिकवण काढली. ओळखीच्याला सलाम करा, बिनओळखीच्यालाही करा. नाना पेटलेच! रस्त्यानं दिसेल त्याला सलाम. ज्याला रामराम चालतो त्याला रामराम, शेजारच्या सोनवणेभाऊंना रोज सकाळी जय भीम. रिक्षावाले, दालमिलचे हमाल, पोस्टमन, कोणी सोडला नाही. एका रिक्षावाल्यानं तर ओळख आठवेना म्हणून लाजून नानांना फुकट घरी सोडलं.

पुढच्या जुम्म्याला नाना छाती काढून हिशेब देत होते. मौलानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पडद्याकडे बोट केलं. "और ये बगलवाली दुकान?"

नाना क्षणभरही थांबले नाहीत. "तो वळखीना बी नही आनि बिनवळखीना बी नही!"

*

मध्ये एक भलताच जुम्मा झाला. इमामाचा खुतबा, म्हणजे नमाजेआधीचं प्रवचन, चालू असताना बोलायचं नाही. शेजाऱ्याला 'गप्प बस' म्हणालात तरी तुम्ही बोललात असंच धरतात. हे आम्ही सगळेच जाणून होतो, पण त्या आठवड्यात अगदी काटेकोर पाळायचं ठरलेलं.

मौलाना मिंबरावर, म्हणजे प्रवचनाच्या पायऱ्यांवर उभे, तोंड आमच्याकडे. मशिदीच्या दरवाजातून सलीमची गाडी दिसते. एक बकरी आली. पुढचे पाय गाडीवर ठेवले आणि निवांत केळी खायला लागली. सगळ्या सफेत टोप्या हळूहळू एका बाजूला वळल्या. सलीम घामाघूम झाला. कोणी हूं की चूं करेना. बकरीनं एक फणी संपवली आणि दुसरीकडे वळली.

मौलानांनाही सगळं स्पष्ट दिसत होतं. त्यांचा खुतबा एरवी ऐसपैस असायचा. त्या दिवशी तो सुरू झाला आणि संपला! नमाजही आटोपशीर. नमाज संपवणारा सलाम फिरवताच सलीम असा पळाला की चप्पल दुसऱ्याची घालून गेला.

बाहेर म्हातारी मंडळी खूश होती. गुडघे धरून बसणाऱ्यांना असा जुम्मा पहिल्यांदाच मिळाला होता. नाना मौलानांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मौलाना, दर जुम्माले तठे एक बकरी बांधी ठेवा."

*

मग शेजाऱ्यांची शिकवण. रस्सा करताना पाणी थोडं जास्त घाला आणि शेजाऱ्याला द्या. खैरुनभाभीला तर हवंच होतं. तिनं वाटी भरली आणि हमीदचाचाच्या घराकडे निघाली. नानांनी अडवलं. म्हणाले, शेजारी दोन आहेत, सोनवणेभाऊ पण शेजारीच. पहिला मान कोणाचा?

मौलानांना विचारलं. ते म्हणाले, ज्याचं दार जास्त जवळ त्याचा. नाना घरी गेले आणि गादी मापायचा टेप काढला! सोनवणेभाऊ टेपचं एक टोक धरून उभे. आधी त्यांचं दार मापलं, मग हमीदचाचाचं. पुन्हा मापलं. वीतभर अंतरानं हमीदचाचाचंच दार जवळ निघालं. नानांचं तोंड बघण्यासारखं झालं.

"मी दारच काढी टाकसू नि मांगे बसाडसू," नाना म्हणाले.

सोनवणेभाऊ टेप गुंडाळत म्हणाले, "नाना, दार कुठंही बसवा. दुसरा नंबर आमचा आहे तेवढं विसरू नका. आज मटण आहे ना?"

वाटी हमीदचाचाकडे गेली. दुसऱ्या दिवशी खिरीनं भरून परत आली. असं आठवडाभर चाललं. वाट्या गेल्या, वाट्या आल्या, खीर नाना आवडीनं खायचे. पण दोघांचा अबोला सुटला नाही, आणि लग्न येऊन ठेपलं.

*

लग्नाच्या दिवशी धुळ्याचं वऱ्हाड दुपारी आलं. पिंप्राळ्यात घरासमोरच मांडव. नवरदेव अस्लम फुलांच्या सेहऱ्यात घामाघूम झालेला. नाना एका टोकाला पाहुण्यांना पाणी विचारतायत. हमीदचाचाला पत्रिका सोनवणेभाऊंच्या हातून गेली होती, तो दुसऱ्या टोकाला पाहुण्यासारखा खुर्चीवर बसलेला. नवा पायजमा, नवी टोपी, नजर खाली.

मौलानांनी निकाहाआधी चार शब्द सांगितले. मुलीला विचारल्याशिवाय निकाह नाही, ही पैगंबरसाहेबांची शिकवण. कुमारी मुलगी लाजते, तोंडानं बोलत नाही, म्हणून ती गप्प राहिली तर तोच तिचा होकार. पण विचारायचं मात्र नक्की. मग ते म्हणाले, वकील आणि साक्षीदार आत जा.

वकील रावेरचा मामा. साक्षीदार सलीम आणि मी. आत बायकांची दाटी. शबाना ओढणीत मान खाली घालून बसलेली. मामानं घसा साफ करून विचारलं, "बेटा, धुळ्याच्या अस्लमशी निकाह कबूल आहे?"

ती गप्प. एक म्हातारी आत्या हात वर करून 'झालं, कबूल आहे' म्हणणार, तेवढ्यात शबानानं ओढणी मागे सारली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नाही."

मांडवापर्यंत ऐकू गेलं! सलीमच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, मी घोरण्याचं आधीच सांगितलं होतं! आणखी काय निघालं?"

"सलीममामू, मुलाला नाही म्हणत नाही," शबाना म्हणाली. "विचारायला माणूस दुसरा पाहिजे. तो बाहेर बसलाय."

मी बाहेर आलो. सगळा मांडव माझ्याकडे बघतोय. धुळ्याची मंडळी उठून उभी राहिलेली. मी नानांना आणि मौलानांना तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. नाना खांबाला धरून उभे राहिले. हमीदचाचानं मान वर केली.

मौलाना हळूच म्हणाले, "नाना, भावाशी अबोला तीन दिवसांच्या वर जायज नाही. आणि दोघांत चांगला तो, जो आधी सलाम करतो."

मांडवाच्या या टोकाहून नाना निघाले. त्या टोकाहून हमीदचाचा निघाला. दोघेही भराभर चालायला लागले, खुर्च्या सारत, मुलं बाजूला करत. मधोमध आले आणि दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "अस्सलामु अलैकुम!"

मौलाना म्हणाले, "अब जवाब कौन देगा?"

दोघांनी जवाबही एकदमच दिला. सोनवणेभाऊ डोळे पुसत टाळ्या वाजवायला लागले, मग सगळ्यांनीच वाजवल्या. नानांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला दारापर्यंत सोडलं.

हमीदचाचा आत आला. सलीम आणि मी मागे. तो शबानासमोर खाली बसला. मग कसंबसं विचारलं, "बेटा, धुळ्याना अस्लम. कबूल शे का तुले?"

आत्ताच सारा मांडव दणाणून सोडणाऱ्या पोरीनं ओढणी पुढे ओढली, मान खाली घातली आणि चाचाच्या गुडघ्यावर हात ठेवला. कोणी हलेना. हमीदचाचानं पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. ओढणीआडून एक शब्द येईना.

हमीदचाचानं टोपीनं डोळे पुसले आणि दाराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "भाऊ! पोर काहीच बोलत नही!"