बेरिलबाईंची अंगठी आणि हाडांचे डॉक्टर

लंडनजवळच्या क्रॉयडनच्या डॉ. अजय पाळंद्यांनी चाळीस वर्षं लोकांची हाडं जोडली. निवृत्तीनंतर जोडायला काही उरेना, तेव्हा ते घरातली धडधाकट कपाटं उघडून पुन्हा जोडू लागले. मग मधुमतीवहिनींनीच त्यांना मेटल डिटेक्टर आणून दिला. नवरा दर रविवारी केंटमधल्या कुठल्यातरी शेतात असावा, एवढाच त्यामागे शुद्ध हेतू.

तीन वर्षांत डॉक्टरांना सापडलेला खजिना असा: कोकच्या डब्यांच्या कड्या, ट्रॅक्टरचे नट आणि पितळी बटणं. प्रत्येक बटण ते जेवणाच्या टेबलावर ठेवून, हे राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं असणार, असं जाहीर करत. त्या काळात सगळ्यांच्याच पँटी सुटत होत्या वाटतं, असं म्हणून वहिनी आमटी वाढत.

गेल्या मार्चमध्ये मात्र अंगठी निघाली. चांदीची, पण नांगराखाली येऊन पापडासारखी चपटी झालेली आणि एका बाजूला चिरलेली. सापडलेली वस्तू आधी शेतमालकाला दाखवायची, हा या छंदाचा नियम. डॉक्टर चिखलाच्या बुटांनी फार्महाऊसच्या दारात उभे राहिले. मालकाच्या आई, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बेरिलबाई, यांनी अंगठी तळहातावर घेतली, उलटीपालटी केली आणि खुर्चीत बसूनच घेतलं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बटाटे काढताना त्यांच्या बोटातून ती गळली होती. दर हंगामात नवरा म्हणायचा, येईल गं बटाट्यांबरोबर. नवरा आता नव्हता आणि महिनाअखेरीला बाई केअर होममध्ये राहायला जाणार होत्या. जाताना ही बोटात असती तर, एवढंच त्या म्हणाल्या.

शहाणा माणूस ती सराफाकडे घेऊन गेला असता. डॉक्टरांनी चीर निरखली आणि म्हणाले, "साधं फ्रॅक्चर आहे."

ते लगोलग चांदीकामाच्या ईव्हनिंग क्लासला जाऊन बसले. शिकवणारी मुलगी जांभळ्या केसांची, वयानं त्यांच्या नातीएवढी. तिनं बजावलं, थंड चांदी वाकवाल तर तुटेल. आधी मंद लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात निववा, मग लाकडी हातोडीनं हलके ठोका. हाड असं भाजलं असतं तर माझं लायसन्स गेलं असतं, असं डॉक्टर मला फोनवर म्हणाले. पण त्यांनी ऐकलं. निमुळत्या पोलादी दांड्यावर अंगठी गोल झाली. चीर चांदीचा डाग देऊन सांधली, तो डाग इतका बेमालूम की भिंगातूनही दिसेना. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे प्री-ऑप आणि पोस्ट-ऑप असे फोटो आले.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी डॉक्टर आणि वहिनी बेरिलबाईंकडे गेले. मंगळवारी त्यांना न्यायला गाडी येणार होती. अंगठी बोटाच्या मधल्या सांध्यापर्यंत गेली आणि अडली. साबण लावून पाहिला. सांधा संधिवातानं आल्याच्या गड्ड्यासारखा झालेला. ज्यानं जन्मभर असले सांधे पाहिले, त्यानं नेमकं बोट पाहिलं नव्हतं. अंगठी तरुणपणच्या मापाची झाली होती.

"राहू द्या डॉक्टर, डबीत ठेवीन," बाई हसून म्हणाल्या. पण हात त्यांनी शालीखाली घेतला.

तेव्हा वहिनींनी बूट काढला, मोजा काढला, आणि बोटातलं जोडवं पुसून बाईंच्या हातात दिलं. याचं तोंड मुद्दाम उघडं ठेवतात, त्यांनी समजावलं. बोट जाड झालं की थोडं फाकवायचं, मग दाबून बसवायचं.

मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, तो तुमचा डाग कापा."

"अगं, इतका सुंदर बसलाय."

"सुंदरच आहे. कापा."

हत्यारं गाडीच्या डिकीत होतीच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर डॉक्टरांनी स्वतःच जोडलेलं फ्रॅक्चर स्वतःच्या हातानं पुन्हा मोडलं. मोडताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता, असं वहिनी सांगतात. टोकं टोचू नयेत म्हणून कानशीनं गोल घासली. मग अंगठी फाकली, सांध्यावरून पलीकडे गेली, आणि बाईंनी ती स्वतःच दाबून बसवली. बराच वेळ त्या हात खिडकीकडे धरून बघत राहिल्या.

डॉक्टर पुढे झुकले. फट अजून दोन मिलिमीटर कमी करता येईल, असं त्यांचं मत होतं.

बेरिलबाईंनी हात मागे घेतला.

"पेशंट घरी गेला, डॉक्टर," त्या म्हणाल्या, आणि त्यांना चहा टाकायला पाठवलं.