एकतीस नंबर दोनदा गेला

एक गाडी एका ठिकाणावरून एकदाच पुढे जाते. हे कळायला रेल्वेत असावं लागत नाही, पण माझे वडील याच गोष्टीच्या पगारावर जगले आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे. ते झाशीला कंट्रोलर होते. दिवसभर कानाला फोन. कुठली गाडी कुठून सुटली, कुठे पोचली, कुणाला बाजूला उभं करून कुणाला पुढे काढायचं, हे त्यांनी ठरवायचं. म्हणून फोनवरून त्यांना जेव्हा सांगण्यात आलं की एकतीस नंबर सगळ्यांच्या पुढे गेला आणि बऱ्याच वेळाने तोच एकतीस नंबर सगळ्यांच्या शेवटी गेला, तेव्हा त्यांचा चेहरा जसा झाला तसा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. हा एकतीस नंबर म्हणजे गाडी नव्हती. तो माझा थोरला भाऊ होता, सायकलवर.

बाबा घरसुद्धा रेल्वेच्या सेक्शनसारखं चालवायचे. आंघोळीला आधी कोण, मग कोण, सगळं ठरलेलं. आई वैतागून म्हणायची, "अहो, मला सिग्नल द्या आता, भाजी करपतेय!" या वेळापत्रकात न बसणारी घरातली एकच गाडी होती, ती म्हणजे दादा. अभ्यासात ढ, पण सायकलवर बसला की कुणाच्या बापाला ऐकायचा नाही, आमच्या तर नाहीच नाही. पहाटे उठून बबीन्याच्या रस्त्याला लागायचा, मिलिटरीच्या ट्रकांमागे सायकल दामटायचा आणि बाबांचा चहा होईस्तोवर परत. पुढे पंजाबातल्या एका सायकल कारखान्याने आपल्या शर्यतीच्या संघात त्याला पगारावर घेतलं. सायकल चालवायचा पगार! कॉलनीत हे कुणाला खरं वाटायचं नाही. शेजारची भाभी आईला हळूच विचारायची, "बहनजी, लड़का करता क्या है असल में?"

त्या वर्षी आठवडाभराची मोठी शर्यत होती. रोज एक टप्पा, सगळ्या दिवसांचा वेळ मिळून निकाल. शेवटून दुसऱ्या दिवशी कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढणारा घाट. सगळे म्हणत होते, शर्यत तिथेच ठरणार, जो आधी माथ्यावर पोचेल तो जिंकल्यात जमा. आता झाशीत घाट कुठून आणायचा? दादाने रेल्वेरुळांवरून जाणारा रस्त्याचा पूल धरला. भर उन्हात, लू वाहत असताना, तो पुलाच्या एका टोकाने चढायचा, दुसऱ्या टोकाने उतरायचा, पुन्हा वळायचा. पुलाचा कंटाळा आला की किल्ल्याची चढण. मी कॉलेजातून येताना मैत्रिणींसमोर त्याला ओळख दाखवायची नाही. घामाने निथळलेला, तोंड उघडं, आणि वर हात करून ओरडणार, "ए ताई, पानी है क्या?" मी धाकटी, तरी मला चिडवायला ताई म्हणायचा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी जेवताना बाबांनी त्याला समोर बसवलं. रेल्वेच्या वर्कशॉपात त्यांनी शब्द टाकून ठेवला होता, त्याच्यासाठी जागा राखलेली होती.

"जिंकलास तर सायकल," बाबा म्हणाले. "नाही जिंकलास तर परत येऊन वर्कशॉप. पुन्हा सायकलचं नाव नाही. ठरलं?"

"ठरलं," दादा म्हणाला.

"आणि थापा मारू नकोस. घाटमाथ्यावर रस्ता रुळांच्या कडेने जातो, तिथे आपली सिग्नलची केबिन आहे. मला इथे बसून सगळं कळेल."

आई ताटावरून उठून आत गेली. मला बाबांचा भयंकर राग आला. एवढ्या तंगड्या तोडून पोरगं तयारी करतंय आणि हे त्याला अटी घालताहेत! पण बोलायची छाती नव्हती.

घाटाच्या दिवशी बाबांची सुट्टी होती. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते म्हणाले, "जरा ऑफिसात जाऊन येतो." आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. दुपारी मी त्यांचा डबा घेऊन गेले आणि मग तिथून हललेच नाही. कंट्रोलमध्ये बाहेरच्यांना मनाई असते, पण ड्यूटीवर बाबांचे जुने सहकारी होते, दतियाकडचे, जाडजूड आणि हसरे. त्यांनी दारापाशी स्टूल ठेवलं आणि म्हणाले, "बैठो बिटिया, इतै बैठो. आज तो तुमाए भैया की स्पेशल आ रई है."

त्या दिवशी त्यांनी खरंच शर्यत गाडीसारखी चालवली. घाटमाथ्यावरचा केबिनवाला इगतपुरीला सांगणार, इगतपुरी भुसावळला, भुसावळ इटारसीला आणि इटारसी आम्हाला. मधे खऱ्या गाड्यांचं काम चालूच होतं. मालगाडी उभी कर, मेल काढ, आणि त्यात एखादं वाक्य आमचं. कसारा सोडला, सगळे एकत्र आहेत. मग घाट सुरू झाला, फाटाफूट झाली, पाच-सहा जण पुढे. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. डबा तसाच.

आणि मग फोनवरचा आवाज एवढा मोठा आला की मला स्टुलावरून ऐकू आला.

"इकतीस नंबर पास! सबसे आगे! अकेला है, पीछे कोई नहीं!"

मी किंचाळले. दतियावाले काका उठून बाबांच्या गळ्यातच पडले. आणि बाबा, माझे बाबा, ज्यांनी दादाच्या सायकलला आयुष्यात कधी हात लावला नव्हता, ते चक्क रडत होते. डोळे पुसत त्यांनी शिपायाला लक्ष्मी गेटला पेढे आणायला पिटाळलं. तो गेला तोच त्यांनी दुसरा फोन उचलला आणि माझ्यासमोर वर्कशॉपातल्या आपल्या स्नेह्यांना सांगितलं, "भाईसाहब, वो जगह किसी और को दे दीजिए. मेरा लड़का नहीं आएगा. वो सायकल चलाएगा." हे शेवटचं वाक्य ते दोनदा बोलले. मला वाटतं, त्यांना ते स्वतःच्या तोंडून ऐकायचं होतं.

पेढे आले. सगळ्या ऑफिसात वाटून झाले. कुणीतरी घरी निरोप पोचवला, आईने कॉलनीत साखर वाटायला घेतली. मला तर वाटत होतं, जावं आणि सदर बाजारात उभं राहून ओरडावं. पण बाबा उठेनात. अर्धा पेढा हातात धरून त्यांनी काकांना विचारलं, "लास्ट गया क्या?"

ही रेल्वेवाल्यांची खोड आहे. इंजिन गेलं म्हणजे गाडी गेली असं ते कधीच धरत नाहीत. शेवटचा डबा डोळ्यांनी दिसला पाहिजे, त्याच्या पाठीवरची खूण दिसली पाहिजे, तेव्हाच रस्ता मोकळा. कोण जाणे, मधेच एखादा डबा सुटून राहिला असला तर? आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतसुद्धा बाबा शेवटचा माणूस जेवल्याशिवाय हात धुवायचे नाहीत.

"अरे भैया, तुमाओ मोड़ा तो निकर गओ, अब लास्ट से का लेने?" काका हसले; पोरगा तर पुढे निघून गेला, आता शेवटच्याशी काय घेणं, असं त्यांचं म्हणणं. पण बाबा हट्टाला पेटले म्हटल्यावर त्यांनी विचारलं. उत्तर आलं: नाही, अजून एक जण खाली आहे. मग बराच वेळ काहीच नाही. दोन गाड्यांचं काम झालं. बाबा बसून.

मग आलं. काकांनी ऐकलं आणि ते हसायचे थांबले.

"लास्ट वाला पैदल आ रहा है," ते सावकाश म्हणाले. "सायकल कंधे पे है. पीठ पे नंबर... भैया, इकतीस बता रहा है."

"ग़लत," बाबा म्हणाले. "रिपीट कराओ."

प्रश्न इटारसीला गेला, भुसावळला गेला, इगतपुरीला गेला, केबिनमध्ये गेला. आम्ही तिघं त्या फोनकडे बघत बसलो. उत्तर त्याच वाटेने परत आलं. तीन, एक. इकतीस.

एक नंबर दोनदा कसा जाईल? काका अक्षरशः घाबरले, त्यांनी कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं. मला भलतीसलती शंका आली. दादाला काही झालं, आणि जे चालत येतंय ते... छे, मला ते आज लिहितानाही नको वाटतं.

बाबांनी काकांच्या हातातून फोन घेतला. आवाज अगदी ड्यूटीवरचा. "पूछो, कंधे वाली सायकल पे कौन सा नंबर है."

सत्तावीस.

"और जो सबसे आगे गया, उसका इकतीस कहाँ पढ़ा था?"

याचं उत्तर यायला फार वेळ लागला, किंवा मला तसं वाटलं. केबिनवाल्याने निरोप धाडला होता, आणि तो चार तोंडांतून जसाच्या तसा आमच्यापर्यंत पोचला: साहब, सायकल पे, आगे की प्लेट पे. हम तो इंजन का ही नंबर पढ़ते हैं. ड्राइवर का मुँह कौन देखता है?

बाबांनी फोन खाली ठेवला. हातातला अर्धा पेढा डब्याच्या झाकणावर ठेवला. एकतीस नंबरची सायकल पहिली आली होती, पण तिच्यावर बसलेला माणूस दुसराच होता.

आम्ही घरी आलो तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या आणि आई निरांजन तयार करत होती, दादा चार दिवसांनी येणार हे माहीत असूनही. बाबांनी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं, "तो नाही जिंकला. शेवटचा आला." बायकांना वाटलं, थट्टा करताहेत. आईला मात्र लगेच कळलं. तिने निरांजन खाली ठेवलं. तोंडात साखर असलेल्या एवढ्या माणसांना एकदम गप्प झालेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

दादा आला तो भलताच काळवंडून. पायांच्या टाचा सोललेल्या, शर्यतीच्या बुटांनी घाट चालून गेल्यावर दुसरं काय होणार! बाबांनी त्याला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

"काय झालं?"

"आमच्या संघाच्या कप्तानाच्या पॅडलचा दांडा तुटला. आमची मदतीची गाडी मागे अडकली होती. शर्यत कप्तानासाठी असते, बाबा. आम्ही बाकीचे त्याच्यासाठी असतो."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या समजुतीप्रमाणे जो जोरात सायकल मारेल तो जिंकणार, बस्स. एवढी वर्षं घरात सायकलवाला असून आम्हाला त्याच्या धंद्याचा शेंडा-बुडखा माहीत नव्हता.

"त्याने तुझी सायकल मागितली?"

"नाही."

"मग कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच उतरलो."

मला वाटतं, बाबांना आतापर्यंत आशा होती की कुणीतरी त्याच्यावर जबरदस्ती केली असेल. मग त्यांचा पारा चढला. "अरे, घाटात गाडीला मागून ढकलायला इंजिन लावतात ना, तेसुद्धा वर तरी पोचतं! तू तर मधेच खाली उतरलास!"

"मीही पोचलो, बाबा. चालत."

"कशाला? वेळ संपली होती. एखाद्या ट्रकमध्ये बसून यायचंस!"

दादा माझ्याकडे बघून ओशाळं हसला. "मागे पडलेल्यांना उचलणारा ट्रकवाला बस म्हणत होता की. पण तुम्ही शेवटचा विचारल्याशिवाय उठणार नाही, हे मला माहीत होतं. मी ट्रकमध्ये बसलो असतो तर केबिनवाल्याने काय सांगितलं असतं? तुम्ही बसून राहिला असता, न जेवता."

बाबांचा डबा त्या दिवशी खरंच तसाच परत आला होता. बाबा खिडकीपाशी गेले. तिथूनच, पाठमोरे, म्हणाले, "मी वर्कशॉपला नकार कळवलाय. जागा सोडली. तू जा परत तुझ्या कारखान्यात."

यावर दादाचा चेहरा उजळेल असं मला वाटलं. मी तर मनात टाळ्या पिटायला लागले होते.

"ठरलं होतं ना, बाबा," तो म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबांचा चहा व्हायच्या आत, तो स्वतः वर्कशॉपच्या फाटकावर जाऊन उभा राहिला. जागा अजून कुणाला दिलेली नव्हती. बाबांना हे संध्याकाळी कळलं. त्यांनी त्याला अडवलं, समजावलं, पुढे शिव्याही दिल्या. आईकडून सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. मालगाडीच्या वाघिणींच्या दुरुस्तीत दादा निवृत्त होईपर्यंत राहिला, आणि कामावर कायम चालत गेला.

मला दोघांचाही राग येतो, अजून येतो. असा कसा शब्दाला धरून बसला हा, आणि असा शब्द घेतलाच कसा यांनी!

बाबा गेल्यावर दतियावाले काका भेटायला आले होते. पार थकले होते. ते म्हणाले, त्या दिवसानंतर बाबांना ड्यूटीवर एक नवीन सवय लागली. ती कुठल्या नियमात नव्हती आणि तरुण स्टेशनमास्तर मागे हसायचे. गाडी आली की स्टेशनमास्तर इंजिनाचा नंबर सांगायचे, आणि बाबा तो लिहून घेण्याआधी दर वेळी विचारायचे, "ठीक है. और चला कौन रहा है?"