ठमाबाईची भिंत

मंडळी, हे पत्र वाचून पुढच्या मित्राकडे धाडा.

आज आमच्या कर्जतच्या शाळेत गोऱ्या साहेबाच्या हस्ते माझ्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. ते मी कळंबजवळच्या ठाकरवाडीतल्या ठमाबाईने स्वतःच्या घराच्या भिंतीवर काढलेल्या चित्रावरून जसंच्या तसं उतरवलं होतं.

बाजाराला आलेली ठमाबाई नेमकी तिथे डोकावली. "मास्तर, ही तर माझी भिंत हाय!"

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून म्हणालो, "वाडीवरच्या सगळ्या भिंती सारख्याच असतात, साहेब."

ती वळून निघाली. नंतर मी तिला रस्त्यात गाठलं.

"चित्र नेलं त्याचं काय नाय, मास्तर. पन चारचौघांत मला खोटी कशाला पाडली?"

खरं सांगितलं तर नोकरी जाईल, आणि गप्पही बसवत नाही. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?