चौथं शील

नोकरीत लहानमोठे पुष्कळ गुन्हे उकलले. त्यातले निम्मे आज कुणी विचारले तर धड सांगताही यायचे नाहीत. पण सोलापुरातली चादरींची ती चोरी विसरतो म्हटलं तरी विसरता येत नाही. नावं कुणाचीच घेणार नाही, कारण त्यातली काही माणसं अजून शहरात आहेत आणि मानानं राहतात.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी नुकताच फौजदार होऊन स्टेशनजवळच्या ठाण्यात आलो होतो. अंगात रग होती, आवाज चढा होता आणि समोरचा माणूस खरं बोलतोय की खोटं हे मला बघताक्षणी कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. आमच्या हद्दीत चादरींच्या गोदामांत लागोपाठ तीन चोऱ्या झाल्या. कुलूप शाबूत, दार शाबूत, माल गायब. तिसऱ्या गोदामाचा पंचनामा मी स्वतः केला. भिंतीत उंचावर एक झरोका होता, जेमतेम वीतभर रुंद. खालच्या धुळीत उमटलेलं पाऊल माझ्या तळहाताएवढं. म्हणजे आत उतरलेलं पोर चादरी दोरीला बांधून देत होतं आणि बाहेरचा ओढून घेत होता. वेळ दिवेलागणीची, कामगार घरी गेले की लगेच. हवालदाराला म्हटलं, चोर दहा-अकरा वर्षांचा आहे, लिहा. तो गालात हसला, पण त्यानं लिहिलं.

आठवड्याभरानं खबर मिळाली. स्टेशनसमोरच्या चहावाल्यानं सांगितलं की मालधक्क्यामागे राहणाऱ्या एका माणसाकडे हडकुळी पोरगी आहे. ती त्याला मामा म्हणते, पण नातं काही नाही. दुष्काळात ती आईबरोबर केम गावाहून रेल्वेनं आली, आई सरकारी दवाखान्यात वारली आणि ह्या बाबानं पोरीला उचललं. आता ती कुठं सापडेल, असं विचारलं तर म्हणाला, रोज संध्याकाळी ती वस्तीतल्या बुद्धविहारात जाऊन बसते. चोर आणि विहारात! मला हसूच आलं.

विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. पुढे मूर्ती, खाली सतरंजी आणि सतरंजीवर वस्तीतली वीसेक पोरं. ती पहिल्या रांगेत डोळे मिटून बसली होती. वंदना चालू होती. ती संपेपर्यंत मी बाहेर थांबलो. एवढी समज मला तेव्हाही होती. वंदना सांगणारे गृहस्थ गिरणीतून निवृत्त झालेले, साठीच्या पुढचे. सगळे त्यांना तात्या म्हणत. गिरणीत संप झाला की मालक आणि कामगार दोघंही ह्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचे, हे मी ऐकून होतो. पोरीला ठाण्यावर न्यायचं म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले की ती एकटी येणार नाही, आणि पायात चपला सरकवून बरोबर निघाले.

ठाण्यात मी तिला तासभर विचारलं. दरडावून विचारलं, गोडीनं विचारलं, बिस्किटाचा पुडा फोडला. पोरगी तोंडातून ब्र काढेना. खोटंही बोलेना. बाकावर ताठ बसलेली, हात मांडीवर, श्वास अगदी संथ. हवालदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, लई मुरलेली हाय. भीतच न्हाय की." मलाही तेच वाटलं, आणि साफ चुकलं. तात्यांनी मला नंतर सांगितलं की ती पहिल्यांदा विहाराच्या दारात आली तेव्हा कुणी टोपी सारखी करायला हात वर केला तरी डोकं झाकून घ्यायची. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं, एवढंच त्यांनी तिला शिकवलं. असं स्वस्थ बसता यायला तिला चार महिने लागले होते. त्या पोरीनं कष्टानं मिळवलेली शांतता मी सराईतपणाच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो.

कागदावर जातीचा रकाना होता. तो भरायला विचारलं, तेव्हा मात्र ती बोलली. "म्हाईत न्हाय. आई गेली. तितं इहारात कुनी इचारलं न्हाय. आत ये, बस म्हनले." रकाना मी कोरा सोडला. मग तिनंच मला विचारलं, "साहेब, खरं सांगितलं तर मला तितं जाऊ देताल?"

खोटं आश्वासन देऊन पोरांकडून कबुली काढणारे अधिकारी मी पाहिले आहेत. मला ते कधी जमलं नाही. तिला सांगितलं की चोरीत तुझा हात असेल तर तुला रिमांड होममध्ये जावं लागेल, कोर्ट ठरवेल तितके दिवस. ती पुन्हा ताठ बसली, हात मांडीवर. जगात तिला आपलं म्हणणारी विहार ही एकच जागा होती.

तेवढ्यात तात्या खुर्ची ओढून पुढे आले. म्हणाले, माझा जबाब घ्या. तिसरी चोरी झाली त्या संध्याकाळी ही पोर विहारात माझ्यासमोर बसली होती, वंदना संपेपर्यंत. हवालदारानं लिहून घेतलं. मी हात चोळत बसलो. ह्या माणसाचा शब्द कोर्टानंही मानला असता आणि माझी केस तिथंच झोपली असती. जबाब वाचून दाखवला, सहीसाठी टाक पुढे केला. तात्यांनी तो हातात घेतला.

"तात्या, मी न्हवते की त्या दिशी," पोरगी बाकावरून म्हणाली. "तुमी कशाला खोटं बोलताय? मी गोदामात होते."

तात्यांच्या हातातला टाक तसाच राहिला. पुढची दहा मिनिटं ती एका सुरात सगळं सांगत गेली: झरोका, दोरी, मामाचा मार, होटगीला रेल्वे चाळीमागे माल ठेवलेली खोली. तात्या तोंडावर उपरणं धरून रडत होते. जबाबावर सही झालेली नव्हती. तो कागद मी फाडून टाकला, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होटगीहून मुद्देमाल आणि मामा दोन्ही ठाण्यात हजर होते.

कोर्टानं पोरीला रिमांड होममध्ये पाठवायचा हुकूम दिला. पोहोचवायला मी स्वतः निघालो. वाटेत विहारापाशी टांगा थांबवला. तात्या आत होते, पण नेहमीच्या जागी नव्हते; मागच्या भिंतीला टेकून बसले होते. विहारात पंचशील घेताना एकानं एकेक शील सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यामागे म्हणायचं असा रिवाज आहे. इतकी वर्षं तात्या सांगत आणि पोरं म्हणत. त्या दिवशी ते तिला म्हणाले, "आज तू सांग, पोरी. माजं शील मोडलंय."

ती मूर्तीसमोर बसली आणि बारीक आवाजात एकेक सांगू लागली. हिंसा करणार नाही. न दिलेलं घेणार नाही. वाईट वागणार नाही. तात्या मागे म्हणत होते. चौथं आलं, खोटं बोलणार नाही, आणि ते अर्ध्यावरच अडले. पोरगी पाचव्याकडे गेली नाही. तिनं वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या तोंडून चौथं पुरतं बाहेर पडेपर्यंत ती तशीच बसून राहिली. दारात मी डोक्यावरची टोपी काढून उभा होतो, आणि डोळे मलाही आवरले नाहीत.

आठेक महिन्यांनी कोर्टानं तिला तात्या आणि त्यांच्या पत्नीच्या ताब्यात दिलं. तसा अहवाल मीच दिला होता, खटपटही केली होती. पुढे ती शिकली, बालवाडीत शिक्षिका झाली.

खरं बाहेर काढायचं तर धाक पाहिजे, असं मी त्या दिवसापर्यंत मानत होतो. धाकानं कबुली मिळते, हे मी आजही नाकारत नाही. पण त्या पोरीला धाक नव्हता, लालूच नव्हती, सुटायची वाट तर म्हाताऱ्यानं समोर आणून ठेवली होती. रिमांड होमच्या वाटेवर मी तिला विचारलं होतं, गप्प बसली असतीस तर आज विहारात असतीस, मग बोललीस कशाला? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढं साधं मला कसं कळत नाही.

"गेले असते की, साहेब," ती म्हणाली. "पन डोळे मिटून बसता आलं नसतं."